पाणकांठच्या टाचण्या आणि शेतकऱ्याचा कॅमेरा

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत अशी व्यवस्था सुरू झाली कीं, पिकाची पाहणी शेतकऱ्यानें स्वतः करावी, शेतांत उभें राहून आपल्या मोबाइलवर पिकाचें छायाचित्र घ्यावें, व तें सरकारदप्तरीं पाठवावें. तिच्या गुणदोषांची चर्चा शेतकरीवर्गांत पुष्कळ झाली आहे. ती येथें पुन्हां उकरून काढण्याचें कारण नाहीं. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें गांव नमुना बारा पूर्वीं कसा भरला जात असे हें आम्हांस ठाऊक आहे. कोठें तो बांधावर उभें राहून भरला जाई, कोठें चावडीवर बसून, आणि कोठें तर मागील सालचा उतारा पुढें ठेवून. याहून अधिक सांगत नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, नव्या व्यवस्थेनें एक गोष्ट निर्विवादपणें साधली. आपल्या शेतांत काय आहे याचा तारीखवार व चित्रबद्ध पुरावा स्वतः तयार करण्याची संवय शेतकऱ्याच्या हातास लागली.

त्या संवयीचा आणखी एक उपयोग करून घ्यावा अशी आमची सूचना आहे, व ती ऐकून कित्येक वाचक हंसतील हें आम्ही गृहीत धरलें आहे. पिकाचें छायाचित्र घेऊन परततांना ओढ्याच्या, शेततळ्याच्या किंवा पाणथळीच्या कांठीं शेतकऱ्यानें थोडा वेळ बसावें, आणि तेथें लव्हाळ्यावर बसणाऱ्या टाचण्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं तारखेसह जपून ठेवावीं. किडीमुंगीचीं चित्रें काढणें हा रिकामटेकड्या शहरवासीयांचा छंद आहे, कर्त्या शेतकऱ्याचें तें काम नव्हे, असा आक्षेप येईल. तो खोडून काढण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

प्रथम टाचणी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. चतुर सर्वांस ठाऊक आहे. लहानपणीं त्याच्या शेपटीस दोरा बांधण्याचें पाप ज्यानें केलें नाहीं असा खेडेगांवचा मुलगा विरळाच. टाचणी ही त्याच गोतांतली. परंतु अंगानें काडीसारखी बारीक, आणि म्हणूनच तिला हें नांव पडलें. दोहोंतील भेद ओळखण्यास विद्वत्ता लागत नाहीं. चतुर बसला म्हणजे पंख दोहों बाजूंस आडवे पसरून बसतो. टाचणी बहुधा ते मिटून, पाठीवर एकास एक लावून बसते. बहुधा म्हणण्याचें कारण असें कीं, कांहीं टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात. चतुराचे डोळे मोठे व बहुतेकांत डोक्यावर एकमेकांस भिडलेले असतात. टाचणीचे डोळे तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें दोन टोकांस दूर दूर असतात. चतुराचे मागचे पंख बुडाशीं रुंद, तर टाचणीचे चारही पंख एकाच घडणीचे. चतुर तळ्यावरून जोरानें घिरट्या घालतो; टाचणी गवताच्या आधारानें, वीतभर हातभर उंचीवरून, अलगद पुढें सरकते. ती चावत नाहीं, डंख करीत नाहीं, पिकाच्या पानास तोंड लावीत नाहीं. तिचें भक्ष्य सर्वस्वीं जिवंत: डांस, चिलटें, तुडतुडे आणि बारीक पतंग.

आमच्या भागांत त्या पाहण्यास उत्तम स्थळ म्हणजे निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशीं इंग्रजी अमदानींत, विसाव्या शतकाच्या आरंभीं, बंधारा घालण्यांत आला. त्यांतून दोन्ही तीरांस कालवे निघाले व खालच्या कोरड्या मुलखांत ऊंस उभा राहिला. बंधाऱ्यामागें गाळ सांचत गेला, पाणी उथळ झालें, मध्यें बेटें पडलीं, कांठीं लव्हाळा व पाणकणीस माजलें. आणि पाटबंधाऱ्याच्या हिशेबांत जो तोटा तो पाखरांच्या हिशेबांत नफा ठरला. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं झालेल्या करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळींची जी यादी ठेवली जाते तींत २०१९ सालीं त्याचा समावेश झाला. हा मान मिळविणारें तें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ होय.

हिंवाळ्यांत चापडगांवच्या मनोऱ्यावर दूरदूरचे हौशी लोक हातभर लांबीचीं भिंगें घेऊन जमतात. त्यांची सर्वांची दृष्टि दूर पाण्यांत उभ्या असलेल्या पाखरांवर खिळलेली असते. त्यांच्या पायांशीं, गवताच्या पात्यावर, निळी टाचणी बसलेली असली तरी तिच्याकडे पाहणारा शंभरांत एखादा. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु पांखरूं हजारों कोस उडून आलेलें असतें, व पाणी बिघडलें तर तें दुसरीकडे उडून जातें. टाचणी येथलीच. ती याच पाण्यांत जन्मते, याच पाण्यांत वाढते, व या कांठाचा बरावाईट परिणाम तिच्या अंगावर सर्वांत आधीं उमटतो. म्हणून शेतकऱ्यास पांखरापेक्षां टाचणी अधिक कामाची आहे, असें आमचें मत आहे.

हें पटावें म्हणून तिची जीवनकथा थोडी विस्तारानें सांगतों. नर आपल्या शेपटीच्या टोकानें मादीस मानेपाशीं धरतो. दोघांच्या शरीरांची मिळून बदामासारखी आकृति होते, व ती गवतावर बसलेली सहज दिसते. पुढें मादी अंडीं घालूं लागली तरी कित्येक जातींत नर तिला सोडीत नाहीं. जोडीनें पात्यावर उतरून, कधीं कधीं पाण्याखालीं बुडून, दोघें तें काम उरकतात. अंडीं मात्र पाण्यांत सोडलेलीं नसतात. मादीच्या शेपटीशीं धारदार अवयव असतो. त्यानें ती पाणवनस्पतीच्या देठास चीर पाडते व अंडें त्या देठाच्या आंत ठेवते. वाचकांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. कांठीं देठ नाहींत तर अंडीं नाहींत.

अंड्यांतून निघालेलें पिल्लू पाण्यांत राहतें. त्याच्या शेपटीस पानांच्या आकाराचे तीन कल्ले असतात. त्यांवरून चतुराच्या पिल्लापासून त्यास ओळखावें. त्याचा खालचा ओंठ घडी घातलेल्या हातासारखा हनुवटीखालीं दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यांत आलें कीं तो एकाएकीं पुढें फेंकला जातो व टोंकाच्या आंकड्यांनीं तें पकडलें जातें. डांसांच्या अळ्या, पाण्यांतील बारीक किडे, जें सांपडेल तें तें खातें. कांहीं आठवडे किंवा महिने असे गेल्यावर, बहुधा सकाळच्या वेळीं, तें देठावरून पाण्याबाहेर चढतें, पाठीवर कात फाटते, व आंतून निस्तेज, ओलसर पंखांची टाचणी बाहेर पडते. मध्यें कोश होत नाहीं. ती कात देठाला तशीच चिकटून राहते. ज्यास टाचणी दिसली नाहीं त्यानें कात तरी पाहावी.

एवंच टाचणीस तीन गोष्टी लागतात. पिल्लास श्वास घेतां येईल असें पाणी, अंडीं घालण्यास व चढून येण्यास देठ, आणि प्रौढपणीं दडून बसण्यास कांठावरचें गवत. या तिहींपैकीं एक तुटली कीं ती जाते. आणि या तिन्ही गोष्टी आज कोणाच्या हातांत आहेत? सरकारच्या हातांत थोड्या, शहराच्या सांडपाण्याच्या हातांत बऱ्याच, आणि कांठच्या शेतकऱ्याच्या हातांत उरलेल्या सर्व. सायखेड्याच्या पुलास पानवेली येऊन अडकतात तेव्हां आपण नाशिक शहरास नांवें ठेवतों, व तें योग्यच आहे. शहरांतून येणाऱ्या घाणीवर पोसलेल्या त्या वेलींचा थर दाट झाला कीं खालच्या पाण्यास उजेड मिळत नाहीं व त्यांतला प्राणवायु घटतो. परंतु द्राक्षबागेवर औषध मारून झाल्यावर ब्लोअरची टांकी ओढ्यावर नेऊन कोण धुतो? रिकाम्या बाटल्या पाटाच्या चारींत कोण टाकतो? तेथें शहरवासी येत नाहीं.

कोणी म्हणेल, टाचणी गेली तर जाऊं द्या, आमचें काय बिघडलें? या प्रश्नास उत्तर जपानांतून मिळालें आहे. त्या देशांत शिंजी नांवाचें मोठें सरोवर आहे, व त्याच्या भोंवतीं भातशेती आहे. १९९३ सालापासून तेथें इमिडाक्लोप्रिड व त्याच्या वर्गांतलीं औषधें भातावर वापरण्यास सुरुवात झाली. हें औषध आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचें आहे; तुडतुड्यांवर आपणही तें मारतों. २०१९ सालीं तेथील संशोधकांनीं कित्येक वर्षांच्या नोंदी ताडून निष्कर्ष प्रसिद्ध केला. औषध सुरू झाल्यावर सरोवरांतील बारीक जलजीव घटले, आणि त्यांवर जगणाऱ्या वाकासागी नांवाच्या माशाची वार्षिक पकड सुमारें २४० टनांवरून सुमारें २२ टनांवर आली. मासेमारांच्या चुली थंडावल्या, औषध मात्र भातावरच मारलें गेलें होतें. त्याच देशांत भाताच्या रोपांस अशींच औषधें देण्याची रीत पडल्यावर खाचरांत वाढणारा लाल चतुर कित्येक प्रांतांतून झपाट्यानें कमी झाला, व त्याचा संबंध संशोधकांनीं या औषधांशीं जोडला आहे. तो चतुर तेथील शरद ऋतूची खूण मानला जातो. आपल्याकडे काजवे दिसेनासे व्हावेत तसें तें लोकांस लागलें.

नांदूर मध्यमेश्वराच्या कांठींही मासेमारीवर पोट भरणारीं कुटुंबें आहेत. आणि कांठच्या विहिरींचें पाणी त्याच झिरप्याचें आहे.

आतां द्राक्षबागाईतदारांस २०१० सालाची आठवण करून देतों. त्या सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर आढळला, माल अडला, आणि बागाईतदारांस व निर्यातदारांस मोठी झळ लागली. त्यानंतर घडांतील औषधाच्या अंशाविषयीं सर्व मंडळी फार सावध झाली. कोणतें औषध काढणीपूर्वीं किती दिवस आधीं बंद करावें हें आज लहान बागाईतदारही तोंडपाठ सांगतो. कां? कारण घड तपासणारी प्रयोगशाळा आहे, व तिच्या कागदावर माल उचलला जातो. पाण्याचें तसें नाहीं. ओढ्यांतील, शेततळ्यांतील, विहिरींतील पाणी कोणी विकत घेऊन परदेशीं नेत नाहीं. म्हणून त्यांतला अंश मोजण्याची निकड कोणास नाहीं. परंतु तें पाणी आपलीं गुरें पितात, आपलीं मुलें त्यांत पोहतात, आणि पुष्कळ ठिकाणीं आपण स्वतःही तेंच पितों. गिऱ्हाइकाच्या पोटांत काय जातें याची चौकशी करावयाची आणि घरच्यांच्या पोटांत काय जातें याची करावयाची नाहीं, हा व्यवहार आम्हांस समजत नाहीं. प्रयोगशाळेचा खर्च प्रत्येकास झेपणार नाहीं हें खरें. परंतु पाण्यांतच राहून त्याची बारमहा परीक्षा घेणारी टाचणी फुकट आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, नाहीं तर आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. टाचणी दिसली म्हणजे पाणी शुद्ध, असा सोपा नियम नाहीं. कांहीं जाती फार सोशीक आहेत. शेपटीच्या टोंकाशीं निळें वळें असलेली एक टाचणी गांवाबाहेरच्या गढूळ डबक्यावरही आढळते. शास्त्रज्ञ तिला इश्नुरा सेनेगालेन्सिस म्हणतात. तेव्हां टाचण्या किती यापेक्षां जाती किती, हें पाहावें. ज्या कांठीं पूर्वीं अनेक जाती दिसत तेथें पुढें एकच सोशीक जात शेंकड्यांनीं दिसूं लागली, तर पाण्यास कांहीं तरी झालें आहे असा संशय घ्यावा. आपण पैसेवारी काढतों ती नजरअंदाजानेंच ना? ही पाण्याची पैसेवारी समजावी. ती न्यायालयीन पुरावा होणार नाहीं. परंतु पाणी प्रयोगशाळेंत नेऊन तपासून घेण्याची वेळ आली कीं नाहीं, एवढें ती सांगते. तसेंच टाचण्या असल्या म्हणजे डांस संपतील असें कोणी सांगेल तर त्यावर भरंवसा ठेवूं नये. रंगून शहरीं घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत चतुराचीं पिल्लें वेळोवेळीं सोडून डेंग्यूच्या डांसांस चांगला आळा घातला गेला, असा अहवाल १९९० सालीं प्रसिद्ध झाला खरा. परंतु तेथें तीं मुद्दाम वाढवून सोडावीं लागलीं होतीं.

छायाचित्र कशासाठीं, नुसतें पाहून वहींत लिहिलें तर काय वाईट, असेंही कोणी विचारील. वाईट कांहीं नाहीं. पण टाचण्यांच्या बाबतींत डोळा फार फसतो. एकाच जातीचा नर एका रंगाचा, मादी दुसऱ्या, आणि नुकती कात टाकलेली तिसऱ्याच. भातखाचरांत व ओलसर गवतांत एक इवलीशी टाचणी असते, जेमतेम पाऊण इंच लांबीची. ॲग्रिओक्नेमिस पिग्मिया असें तिचें भारदस्त नांव आहे. तिचा नर हिरवट छातीचा व विटकरी शेपटीचा असतो, वय झालें म्हणजे त्यावर पांढरी भुकटी चढते. तरुण मादी तर सबंध तांबडी. पाहणारा वहींत तीन जाती लिहून मोकळा होईल. चित्र असलें म्हणजे जाणत्यास दाखवून ती चूक दुरुस्त करतां येते. जातां जातां सांगतों कीं, भातावरील तुडतुडे खाणाऱ्यांत या इवल्या टाचणीची गणना आहे, व भातसंशोधकांनीं तिला शेतकऱ्याच्या मित्रांत नोंदविलें आहे. हिच्या कामाची मजुरी कोणत्याही हिशेबवहींत लागत नाहीं.

चित्र घेण्याची रीत आम्ही जी पाहून व करून शिकलों ती लिहितों. सकाळचा पहिला प्रहर उत्तम. अंगावर दंव असतां टाचणी जड असते व फार उडत नाहीं. ऊन तापलें म्हणजे ती चपळ होते. उभ्यानें चित्र घेऊं नये. तिच्या उंचीपर्यंत खालीं बसावें, धोतर किंवा पायजमा भिजेल याची तयारी ठेवावी. पुढें सरकावयाचें तें गोगलगाईच्या चालीनें. आणि आपली सावली तिच्यावर पडूं देऊं नये, कारण सावली पडली कीं ती उठलीच. पुष्कळदां असें होतें कीं, आपण एका बाजूनें जवळ गेलों कीं टाचणी उडत नाहीं, तर देठाच्या मागें सरकते. देठ इतका बारीक आणि ती त्याहून बारीक, त्यामुळें सबंध शरीर लपतें. फक्त दोन्ही बाजूंस दोन डोळे बाहेर डोकावत राहतात. लपंडाव खेळणाऱ्या मुलासारखें तें दृश्य पाहून आम्हांस प्रत्येक वेळीं हंसूं येतें. अशा वेळीं धांवून दुसऱ्या बाजूस जाण्यांत अर्थ नाहीं, ती पुन्हां फिरेल. स्वस्थ बसावें, थोड्या वेळानें ती आपणच पुढें येते.

मोबाइल तिच्या शरीराशीं समांतर धरावा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सर्व भाग सारखा स्पष्ट येतो. वरून तिरपें घेतलेलें चित्र शोभिवंत दिसतें, पण ओळखीच्या कामीं तें फारसें पडत नाहीं. एक चित्र बाजूनें घ्यावें, त्यांत छातीवरचे पट्टे आले पाहिजेत. दुसरें शेपटीच्या टोंकाचें. नराच्या टोंकाशीं जे चिमटे असतात त्यांवरून पुष्कळ जाती निश्चित ठरतात. मोबाइलच्या भिंगावर चिमट्यानें बसवावयाचें लहान भिंग बाजारांत मिळतें, तें घेतल्यास उत्तम. नसल्यास फार जवळ जाण्याच्या नादीं न लागतां हातभर अंतरावरून स्थिर हातानें घ्यावें. वारा असेल तर पातें डोलतें. दोन झुळुकांमध्यें पातें स्थिर होतें त्या क्षणाची वाट पाहावी. धरून, मारून किंवा पंख चिमटींत पकडून चित्र घेऊं नये. अभयारण्याच्या हद्दींत तर तें नियमाविरुद्ध आहेच, आणि हद्दीबाहेरही त्याची जरुरी नाहीं. चित्रासोबत तारीख, वेळ, गांव, पाणी कोणत्या प्रकारचें, कांठीं काय उगवलें आहे, आणि मागील आठ दिवसांत जवळच्या पिकावर कोणतें औषध मारलें गेलें, इतकें लिहून ठेवावें. शेवटची नोंद बहुतेक लोक गाळतात, आणि सर्वांत मोलाची तीच आहे.

नांवांची अडचण पुष्कळांस वाटेल. हिंदुस्थानांत चतुर व टाचण्या मिळून सुमारें पांचशें जाती आहेत. त्यांचें पहिलें मोठें व्यवस्थित वर्णन फ्रेझर नांवाच्या लष्करी शस्त्रवैद्यानें तीन खंडांत लिहिलें, व ते १९३३, १९३४ आणि १९३६ या सालीं प्रसिद्ध झाले. रोगी तपासून उरलेल्या वेळांत एका परक्या माणसानें आपल्या ओढ्यांवर एवढा उद्योग केला. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. तीं लॅटिन नांवें उच्चारतांना आमचीही जीभ अडखळते. परंतु शेतास गट नंबर पडण्यापूर्वीं हाळीचें शेत, वडाचें शेत, खळ्याचें शेत अशीं नांवें आपणच दिलीं होतीं ना? तशीं येथेंही द्यावीं. विहिरीच्या थारोळ्यावर, परसांतील गवतांत जी हळदीसारख्या पिंवळ्या शेपटीची टाचणी दिसते, जिला शास्त्रांत सेरियाग्रिऑन कोरोमांडेलियानम म्हणतात, तिला आमच्या घरीं हळदी म्हणतात, व नातवंडें ती दुरून ओळखतात. नांव पडल्यावांचून वस्तु नजरेस भरत नाहीं, हा आमचा कारकुनी अनुभव आहे.

आतां खऱ्या अडचणीकडे वळतों. आम्ही ही गोष्ट बोलून दाखविली तेव्हां एका वृद्ध बागाईतदारानें आम्हांस एकीकडे घेऊन म्हटलें, "रावसाहेब, तुम्ही चित्रें काढाल, दुर्मिळ किडा सांपडला म्हणून वर्तमानपत्रांत येईल, आणि उद्यां आमच्या सातबाऱ्यावर शेरा पडेल. मग विहीर खणावयाची तरी परवानगी मागत फिरा." ही भीति पोकळ नाहीं, आणि ती हंसण्यावारी नेणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर नाहीं. सोलापूर व आतांचा अहिल्यानगर या जिल्ह्यांत १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत गांवेंच्या गांवें, पेरणीखालच्या जमिनी, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांस वर्षानुवर्षें अडथळा झाला. पुढें तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. इतकें होऊन माळढोक तेथें आज क्वचितच दृष्टीस पडतो. शेतकऱ्यास विश्वासांत न घेतां कागदावर रेघ ओढली म्हणजे शेतकरीही जातो आणि पांखरूंही जातें, याचें हें उदाहरण आम्ही विसरलेलों नाहीं.

परंतु यावरून काढावयाचा निष्कर्ष आमच्या मतें नेमका उलट आहे. माळढोकाच्या वेळीं माहिती कोणाच्या हातांत होती? शेतकऱ्याच्या हातांत नव्हती. आपल्या शिवारांत काय आहे, कोठें आहे, कोणत्या महिन्यांत असतें, व आपल्या कोणत्या कामानें त्यास बाध येतो किंवा येत नाहीं, हें सांगणारा एकही तारीखवार कागद शेतकऱ्यापाशीं नव्हता. म्हणून मोजणी करणाऱ्यानें जें लिहिलें तेंच खरें ठरलें. ज्याच्यापाशीं नोंद त्याचा वाद टिकतो. ज्यानें पांच वर्षें आपल्या ओढ्याचीं छायाचित्रें ठेवलीं आहेत तो उद्यां हरकतींच्या सुनावणीस रिकाम्या हातानें उभा राहणार नाहीं. माझी शेती चालू असतांना येथें इतक्या जाती नांदल्या, माझ्या बांधाबाहेर तुम्ही नाल्यांत जें सोडलेंत त्यानंतर त्या गेल्या, हें तो चित्रें पुढें ठेवून दाखवूं शकेल. कारखान्याचें किंवा गांवाचें सांडपाणी अंगावर येतें तेव्हां शेतकऱ्याची तक्रार पुराव्याअभावीं कशी पडते, हें दप्तरांत बसून आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. म्हणून चित्रें घ्यावींत, पण तीं प्रथम आपल्यापाशीं ठेवावींत. तीं कोणास द्यावयाचीं याचा निर्णय ज्याचा कांठ त्यानेंच करावा.

कांठाविषयीं दोन शब्द. आपल्या सातबाऱ्यावर ओढ्यालगतची लव्हाळ्याची पट्टी बहुधा पोटखराब म्हणून दाखल असते. हा शब्द लिहून लिहून आमचीं बोटें झिजलीं, पण तो आम्हांस कधीं आवडला नाहीं. सारा बसत नाहीं म्हणून ती जमीन खराब. वास्तविक पुराचें पाणी अडवून बांध राखण्याचें काम तीच करते. अलीकडे दरवर्षीं उन्हाळ्यांत ती पट्टी पेटवून किंवा यंत्रानें खरडून साफ करण्याची चढाओढ लागली आहे. एक दोन गुंठे जमीन त्यांतून निघते, व ती पुढच्या पुरांत वाहूनही जाते. निदान सबंध ओढा एकाच सालीं खरडूं नये. एक बाजू राखावी, दुसरी साफ करावी; म्हणजे देठांतलीं अंडीं सगळींच जळणार नाहींत.

शेततळ्यांचेंही सांगितलें पाहिजे. २०१६ सालीं मागेल त्याला शेततळें ही योजना आली तेव्हांपासून आपल्या भागांत तळीं पुष्कळ झालीं. परंतु त्यांपैकीं ज्यांस प्लास्टिकचें अस्तर आहे त्यांचे कांठ गुळगुळीत व उभे असतात. पाणी भरपूर, देठ एकही नाहीं. टाचणी येते, घिरटी घालते व निघून जाते. अस्तरावर माती टाकून झाडोरा लावावा असें आम्ही सांगणार नाहीं, मुळ्यांनीं अस्तर फाटलें तर शेतकऱ्याचें नुकसान कोण भरून देणार? जुन्या फुटक्या टबांत किंवा टोपल्यांत माती घालून त्यांत लव्हाळ्याचे दोन चार गड्डे लावावे, आणि टब काठाशीं, पाण्यांत अर्धे बुडतील असे, दोरीनें बांधून ठेवावे. टबाची धार अस्तरास लागूं नये म्हणून खालीं जुन्या पोत्याची घडी घालावी. खर्च कांहीं नाहीं.

पावसाळा उघडल्यापासून कार्तिकापर्यंतचा काळ या कामास सर्वांत चांगला. ज्या वाचकांस हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं आपल्या कांठाचीं चित्रें, वर सांगितलेल्या नोंदींसह, या मासिकाच्या पत्त्यावर आमच्या नांवें पाठवावींत. गट नंबर कळविण्याची जरुरी नाहीं. गांव व पाण्याचा प्रकार पुरे. ओळख पटेल तितक्यांची उत्तरें आम्ही देऊं, जेथें आमची मति खुंटेल तेथें जाणत्यांस विचारूं, आणि पाठविणाराची संमति असल्याखेरीज एकही चित्र छापणार नाहीं.